खजिना हाती न लागणारी जोडगोळी: फाफर्ड आणि ग्रे माउझर

रात्रपाळी

या मंचावर रॉबर्ट हॉवर्डच्या कोनान या लढवय्यावर धागे आहेत, टॉल्किनवर तर किती आहेत त्याची मोजदाद नाही. अमेरिकन लेखक फ्रिट्झ लायबरच्या जोडगोळीवर मात्र शोधूनही काही सापडलं नाही, म्हणून हा खटाटोप.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फाफर्ड हा उत्तरेच्या बर्फाळ मुलखातून आलेला, सात फुटांच्या आसपासचा धिप्पाड गडी. गाणी रचतो, भावनेच्या भरात वाहवत जातो. ग्रे माउझर बुटका, नखशिखांत करड्या कपड्यांतला. एका खेडवळ मांत्रिकाचा शिष्य होता, पण मांत्रिक मारला गेला आणि विद्या अर्धीच राहिली. हाताचा चपळ, जिभेचा त्याहून चपळ. दोघेही पट्टीचे तलवारबाज, दोघेही चोर, आणि बहुतेक वेळा दोघांच्याही खिशात दमडी नसते. मुक्काम लँकमार या काल्पनिक शहरात. धुकं, धूर, अरुंद बोळ, दारूचे गुत्ते, आणि रीतसर इमारत, पदाधिकारी, नियम वगैरे असलेला चोरांचा संघ.

त्यांची छापून आलेली पहिली कथा 'अननोन' मासिकाच्या ऑगस्ट १९३९च्या अंकातली, आता 'द ज्वेल्स इन द फॉरेस्ट' या नावाने मिळते. एका सरदाराच्या ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकाचं फाडलेलं पान घेऊन दोघे रानात निघालेत. शेकडो वर्षांपूर्वी अर्गान नावाच्या माणसाने तिथे एक दगडी घर बांधलं, त्यात जवाहीर ठेवलं आणि चोरांसाठी चिठ्ठी लिहून ठेवली. चिठ्ठीचा मतलब असा: या घरात हिंस्र प्राणी नाही, पहारेकरी नाही, सापळा नाही, विष नाही, भूत नाही, सैतान नाही, नाग नाही, तरीही राखणदार मी ठेवलेला आहे. शहाण्याने कोडं सोडवावं आणि लांब राहावं.

आता हे दोघे शहाणे असते तर कथा तिथेच संपली असती. राखणदार कोण ते सांगत नाही. पण एवढं सांगतो की अर्गान एका शब्दानेही खोटं बोललेला नाही, आणि उत्तर पहिल्या पानापासून तुमच्या डोळ्यांपुढे असतं.

माझं म्हणणं असं आहे की या कथा खजिना शोधण्याच्या आहेतच, पण मिळवण्याच्या नाहीत. माल एकतर हातात येता येता जातो, नाहीतर त्याच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी दावा निघतो, नाहीतर दारूत आणि बायांवर उडतो. पुढच्या कथेत दोघे पुन्हा कफल्लक. हॉवर्डचा कोनान डिसेंबर १९३२मध्ये वाचकांपुढे पहिल्यांदा आला तो राजा म्हणूनच आला. नंतरच्या कथांत तो चोर असो की चाचा, कधीतरी सिंहासनावर बसणार हे आपल्याला ठाऊक असतं. या दोघांच्या पुढ्यात असं काहीच वाढून ठेवलेलं नाही. त्यामुळे दर कथेत खरा प्रश्न एकच उरतो: आजचा दिवस हे दोघे एकमेकांना सोडणार की नाही? मला त्यांच्या मारामाऱ्यांपेक्षा त्यांची बडबड जास्त आठवते ती यामुळेच.

कुणी वाचलंय का? आवडलं, नाही आवडलं, दोन्ही लिहा.

---

चिंचोका

भारी ओळख. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: सुरुवात कुठून करू? यादी बघितली तर सात पुस्तकं दिसताहेत आणि सगळ्यांच्या नावात तलवार. डोकं गरगरलं.

---

रात्रपाळी

@चिंचोका, बाळबोध अजिबात नाही, यावर लोक भांडतात. पुस्तकं मिळतात ती कथानकाच्या कालक्रमाने लावलेली. पहिल्या खंडात दोघांच्या तरुणपणाच्या कथा आणि त्यांची भेट. तो खंड १९७०चा, म्हणजे पात्रं पहिल्यांदा छापून आल्यावर तीस वर्षांनी, लोकांना ती आधीच माहीत आहेत असं धरून सजवलेला. तिथून सुरुवात केली तर फाफर्डच्या आईच्या बर्फाच्या मंत्रतंत्रातच अडकशील. दोघे एकत्र येईपर्यंत बराच वेळ जातो, आणि एकेकटे ते दोघे अर्धेच आहेत.

माझा क्रम: 'ज्वेल्स', मग १९६३ची 'बझार ऑफ द बिझार', मग १९५९ची 'लीन टाइम्स इन लँकमार'. त्यानंतर भेटीची कथा, 'इल मेट इन लँकमार'. उंदरांची कादंबरी, 'द स्वोर्ड्स ऑफ लँकमार', एखाद्या लांब सुट्टीसाठी ठेव.

---

अर्धा कप

क्रमाबद्दल असहमत. 'इल मेट' आधी वाचली नाही तर बाकीच्या कथांत दोघे अधूनमधून गप्प का होतात ते कळत नाही. १९७०चा नेब्युला आणि पुढच्या वर्षीचा ह्यूगो, विज्ञानकथा-अद्भुतकथांचे हे दोन्ही मोठे पुरस्कार त्या कथेला मिळाले ते उगाच नाही.

आणि सुरुवात काय सुंदर आहे. रात्र, धुकं, चोरांच्या संघाचे दोन चोर सराफाला लुटून माल घेऊन चाललेत. त्यांच्यावर एका बाजूने फाफर्ड झडप घालतो, दुसऱ्या बाजूने माउझर. दोघांचे बेत स्वतंत्र, सावज एकच. चोरांना आडवं केल्यावर दोघे एकमेकांकडे बघतात, वाटणी ठरते आणि त्याच रात्री मैत्री जमते. मग पिणं, मग आणखी पिणं, मग भिकाऱ्याचं सोंग घेऊन थेट संघाच्या मुख्यालयात शिरण्याचा महामूर्ख बेत. इथपर्यंत निव्वळ धमाल. आणि शेवटी कथा अशी फिरते की पोटात गोळा येतो.

---

निळी शाई

त्या शेवटाबद्दलच बोलायचं होतं. पुढे कथा फुटणार आहे, न वाचलेल्यांनी हा प्रतिसाद सोडून द्यावा.

दोघे बाहेर मर्दुमकी गाजवत असताना घरी त्यांच्या मैत्रिणी, इव्ह्रियन आणि व्लाना, संघाच्या मांत्रिकाने पाठवलेल्या धुराने आणि उंदरांनी मारल्या जातात. वर्णन परिणामकारक आहे, मान्य. पण कथेत त्या दोघींचं काम काय? मरणं. दोन पुरुषांच्या मैत्रीला दुःखाचं सिमेंट लागावं म्हणून दोन बायका खर्ची पडल्या. त्यातही व्लानाचं मला फार वाईट वाटतं. ती नटी आहे, पूर्वी चोरीही केलेली, संघाशी तिचं जुनं वैर आहे. सूडाची कथा खरी तिची होती. ती तिला मिळाली नाही.

शेवटच्या पुस्तकाबद्दल (१९८८) तर बोलायलाच नको. कोवळ्या मुलींबद्दल त्यात जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक मिटलं.

---

अर्धा कप

काळ बघायला हवा ना पण. १९७०ची कथा आहे.

---

निळी शाई

१९७० म्हणजे काही मोहेंजोदडो नाही. जोआना रस त्याच काळात, त्याच प्रकारात, ॲलिक्स नावाच्या चोर बाईच्या कथा लिहीत होती. १९६७पासून. ॲलिक्सच्या पहिल्या कथेत फाफर्डचा ओझरता उल्लेख येतो, तिचा जुना प्रियकर म्हणून, आणि लायबरने पुढे आपल्या कथेत ॲलिक्सला जागा देऊन त्याची परतफेड केली. म्हणजे त्याला कळत होतं. 'काळच तसा होता' हे त्याच्या बाबतीत पुरं पडत नाही.

---

रात्रपाळी

निळी शाई, १९८८च्या पुस्तकाबद्दल शंभर टक्के सहमत, मी ते कुणाला सुचवत नाही. व्लानाबद्दलही तुमचं म्हणणं पटतं. फक्त एक भर घालतो. त्या दोघींची नावं लायबरने टाकून दिली नाहीत. दोघे शहर सोडतात, परत येतात, जुन्या गल्लीत त्यांची पावलं अडखळतात. शोकाला त्याने एका कथेपुरतं ठेवलेलं नाही. या प्रकारच्या कथांतल्या बहुतेक नायकांना आदल्या कथेत मेलेली माणसं पुढच्या कथेत आठवतसुद्धा नाहीत.

---

निळी शाई

आठवण येणं आणि कथेत जागा मिळणं यात फरक आहे. पण हो, मुद्दा पोचला. 'बझार' मात्र मला जाम आवडते हे नोंदवून ठेवते, नाहीतर म्हणाल ही नुसती कुरकुरतेच.

---

चिंचोका

'बझार'मध्ये काय आहे? थोडंच सांगा, मजा न घालवता.

---

निळी शाई

लँकमारच्या एका चौकात रातोरात नवीन दुकान उघडतं. माउझर आत शिरतो आणि हरखतो: दुर्मिळ ग्रंथ, आरसे, पिंजऱ्यांत सुंदर मुली. पाठोपाठ फाफर्ड येतो. त्याच्याकडे त्यांच्या जादूगार मालकांनी दिलेली एक जाळीदार पट्टी आहे, ती डोळ्यांवर बांधली की जे खरं आहे तेच दिसतं. फाफर्डला दिसतो उकिरडा. आणि पिंजऱ्यांत भलेमोठे काळे कोळी.

दुकान चालवणारे दुसऱ्या विश्वातून आलेत. विक्रीकलेत ते इतके तरबेज की कचरा विकून त्यांनी आख्खी जगं दिवाळखोरीत काढलीत. लायबर हे १९६३मध्ये लिहितोय. मी सेलच्या दिवसांत फोन हातात घेतला की मला तो माउझर आठवतो, डोळे चमकताहेत आणि हातात काहीतरी भंगार घट्ट धरलेलं.

---

फासे

खेळाडूंच्या बाजूने माझे दोन पैसे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं वठवण्याचा खेळ खेळणाऱ्या कुणाला 'चोरांचा संघ' म्हटलं की वेगळं समजवावं लागत नाही. तो बराचसा लँकमारमधून आलाय. त्या खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने १९७९च्या मार्गदर्शक पुस्तकाला आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या पुस्तकांचं जे परिशिष्ट जोडलं, त्यात लायबर ठळकपणे आहे. १९७५च्या पुरवणीत चोर हा खेळाडूचा वेगळा वर्ग म्हणून आला. कुलूप उघडणं, सावलीत लपणं, पाठीमागून वार, वर थोडीशी जादू वाचता येणं. आता माउझरकडे बघा आणि सांगा.

लँकमारवर पटावरचा खेळही आहे. लायबर आणि त्याच्या मित्राने तो १९३०च्या दशकातच घरी बसून रचला होता, बाजारात आला १९७६ साली.

---

फाटकं पान

तो मित्र म्हणजे हॅरी ओटो फिशर, आणि या जोडगोळीचा खरा जन्मदाता तोच. १९३४ साली त्याने लायबरला लिहिलेल्या पत्रात फाफर्ड आणि माउझर पहिल्यांदा अवतरले. उंच फाफर्ड म्हणजे लायबर, बुटका माउझर म्हणजे फिशर स्वतः. पत्रापत्रीतला खेळच होता तो. पुढे फिशर आपल्या नोकरीधंद्यात रमला आणि कथा लायबरने लिहिल्या. फिशरचा त्या काळातला एक अर्धा लिहिलेला मजकूर घेऊन लायबरने 'लॉर्ड्स ऑफ क्वार्मल' पुरी केली, तीही १९६४मध्ये.

जाता जाता, लायबरचे आईवडील शेक्सपिअरची नाटकं करणारे नट. वडिलांची स्वतःची नाटक कंपनी होती, मुलगाही तिच्यात काम करायचा. १९३६च्या ग्रेटा गार्बोच्या 'कमील'मध्ये पोरगा छोट्याशा भूमिकेत दिसतो. तलवारबाजी शिकलेला होता. 'इल मेट' हे शीर्षकही 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मधल्या ओबेरॉनच्या वाक्यातून उचललेलं. हे कळल्यावर मला त्या संवादांची चाल कळली. हे दोघे सतत कुणीतरी ऐकतंय अशा थाटात बोलतात, संकटात तर जास्तच. रंगमंचावर वाढलेल्या माणसाचे कान आहेत ते.

---

कडेकपारी

'स्टारडॉक'चं (१९६५) नाव कुणीच कसं घेतलं नाही? जगातलं सर्वात उंच शिखर, त्याच्या माथ्यावर हिरे असल्याची कविता, आणि सोबतीला एक पांढरी हिममांजर. मी सह्याद्रीत दोर लावून चढणारा माणूस, पुस्तकांतली गिर्यारोहणं वाचून बहुधा हसू येतं. इथे नाही आलं. एका उभ्या चिमणीत, म्हणजे कड्यातल्या अरुंद भेगेत, पाठ एका भिंतीला, पाय समोरच्या भिंतीला, आणि इंच इंच वर सरकणं चाललंय. पोटऱ्या कधी थरथरायला लागतात ते लायबरला माहीत आहे. मांजरीला वर कसं न्यायचं यावर दोघांचा वाद होतो तो तर अस्सल, आमच्यात सॅकवरून होतो तसाच.

माथ्यावर काय मिळतं त्याबद्दल धागालेखकाचा मुद्दा लागू.

---

शेजारचा बाक

आपल्याकडे याला जवळचं काय? मला देवकीनंदन खत्रींच्या 'चंद्रकांता' या हिंदी कादंबरीतले ऐयार, म्हणजे राजांचे बहुरूपी हेर, आठवले. वेषांतर, बेशुद्धीची औषधं, कमंद टाकून भिंत चढणं, तिलिस्मातला, म्हणजे मंतरलेल्या चक्रव्यूहातला खजिना. १८८८ची कादंबरी. लायबरच्याही आधी.

---

रात्रपाळी

कौशल्यं तीच, पण नोकरीचा फरक आहे. ऐयार राजाचा. त्याच्या लबाडीला धनी आहे आणि त्या धन्याशी तो इमान राखतो. दुसरं म्हणजे तिलिस्मातला खजिना कुणाच्या तरी नावाने राखून ठेवलेला असतो, तो तोडणारा कोण हे आधीच लिहून ठेवलेलं. अर्गानचं घर कुणाची वाट बघत नाही. लँकमारच्या जगात नियतीने कुणासाठी काही काढून ठेवलेलं नाही, आणि म्हणूनच तिथे चोरी ही चोरीच राहते.

धनी म्हणावं असे त्यांचे दोन जादूगार आहेत खरे. शील्बाच्या चेहऱ्याला डोळेच नाहीत, झोपडी खाऱ्या दलदलीत लांब पायांवर चालते. निंगॉबलच्या टोपीतून सात डोळे देठांवर बाहेर येऊन इकडेतिकडे बघतात, आणि त्याला जगभरच्या चहाड्यांचा भारी नाद. ते कामं सांगतात, पण मोबदल्यात काय देतील त्याचा नेम नाही. त्यांना राजाची सर नाही. चक्रम घरमालक म्हणा.

---

शेजारचा बाक

तिलिस्म आणि वारसाचा मुद्दा आवडला. मग नाथमाधवांची 'वीरधवल' कादंबरी वगैरेही बादच म्हणायची, तिथेही शेवटी राज्य ज्याचं त्याला.

---

चिंचोका

'लीन टाइम्स'बद्दल सगळे नुसतं नाव घेऊन पुढे जाताहेत. त्यात एवढं काय आहे?

---

रात्रपाळी

ही घे. लांबण लागेल, पण याच कथेसाठी मी धागा काढायचं मनावर घेतलं.

'अननोन' १९४३मध्ये बंद पडलं, युद्धामुळे कागदाची टंचाई. जोडगोळीला हक्काचं घर उरलं नाही. मधली वर्षं लायबर दारूशी झगडत होता, ते त्याने स्वतः लपवलेलं नाही. मग सेले गोल्डस्मिथ या तरुण संपादिकेने 'फँटॅस्टिक' मासिकाचा नोव्हेंबर १९५९चा अंक फक्त त्याच्या कथांना दिला. त्यात ही आली.

दोघांचं फाटलंय. कारण कुणालाच नीट ठाऊक नाही. शहरात अफवा आहेत, त्यातली एक अशी की फाफर्डच्या नावाच्या स्पेलिंगवरून वाजलं. माउझर पल्ग नावाच्या गुंडाकडे नोकरीला लागतो. पल्गचा धंदा हप्ता गोळा करण्याचा, आणि गिऱ्हाइकं म्हणजे देव. लँकमारमध्ये देवांचा एक मोठा रस्ता आहे. नवीन देव दलदलीकडच्या वेशीपाशी उघड्यावर पथारी टाकतो. भक्त वाढले की थोडा पुढे सरकतो, मग देऊळ, मग मोठं देऊळ. भक्त आटले की परत वेशीकडे, तिथून अंधारात. जो देव वर सरकेल त्याच्या पुजाऱ्याने पल्गला पैसे द्यायचे.

इकडे फाफर्ड तलवार गुडघ्यावर मोडतो, दारू सोडतो आणि सुरईवाल्या इसेक नावाच्या अगदी फाटक्या देवाच्या एकुलत्या एक म्हाताऱ्या पुजाऱ्याचा चेला होतो. इसेक हा सोशीक देव, छळाच्या चौकटीवर हातपाय ताणून मारला गेलेला. फाफर्ड मुळात गाणारा, शाहिरी रक्तातच. तो इसेकची कथा लावतो आणि गर्दी जमायला लागते. देव रस्त्याने वर वर सरकतो. म्हातारा पुजारी हप्ता द्यायला साफ नकार देतो. वसुलीला कोण येणार, सांगायला नको.

पुढचा प्रसंग असा. ऐन सोहळ्याच्या दिवशी फाफर्ड दारू पिऊन पडलाय. मित्र पल्गच्या तावडीत सापडू नये म्हणून माउझर त्याची दाढी, डोकं, सगळं तासून काढतो, ओळखू येऊ नये म्हणून, आणि त्याला एका खाटेला करकचून बांधून ठेवतो. फाफर्डला जाग येते ती घशाला कोरड पडलेली. तो खाटेसकट उठतो, लाकडी चौकट पाठीवर, हातपाय ताणलेले, आणि गर्दीत शिरून गर्जतो: सुरई कुठाय?

आणि लोकांना दिसतो साक्षात इसेक. छळाच्या चौकटीसह अवतरलेला, आपली सुरई मागणारा.

पल्ग त्या क्षणी गुडघ्यांवर येतो. हप्तेवाला सर्वात कट्टर भक्त होतो. लायबरने इथे श्रद्धेची टिंगल करून हात झटकले असते तर कथा चार आण्यांची झाली असती. पण फाफर्ड इसेकला मानत होता ते मनापासून, आणि लोकांच्या डोळ्यांतलं पाणीही खोटं नाही. फसवायचा बेत कुणाचाच नव्हता. दारू उतरलेला माणूस फक्त पाणी मागत होता, निदान पाण्यासारखं काहीतरी.

---

फाटकं पान

आणि त्या रस्त्याच्या टोकाला असलेलं काळं देऊळ विसरू नका. लँकमारमध्ये येणारे देव वेगळे आणि लँकमारचे स्वतःचे देव वेगळे. स्वतःचे ते त्या देवळात वाळून गेलेल्या प्रेतांसारखे पडून असतात. कुणी प्रेमाने पूजा करत नाही. ते बाहेर पडू नयेत एवढीच शहराची त्यांच्याकडे मागणी.

---

फासे

टेरी प्रॅचेटच्या विनोदी 'डिस्कवर्ल्ड' कादंबऱ्यांतलं अंख-मॉरपोर्क शहर यातूनच सुटलंय की. 'द कलर ऑफ मॅजिक'च्या (१९८३) सुरुवातीला जळणारं शहर टेकडीवरून बघणारे ब्राव्ह्ड आणि वीझल म्हणजे सरळसरळ हेच दोघे.

---

अर्धा कप

'तलवार आणि जादूटोणा' हे नावसुद्धा लायबरचंच ना?

---

फाटकं पान

हो. १९६१ साली मायकल मूरकॉकने चाहत्यांच्या एका नियतकालिकात विचारलं की हॉवर्डछाप कथांना म्हणायचं काय, आणि लायबरने हे नाव सुचवलं. तोवर कथा तीस वर्षं बिनधास्त छापल्या जात होत्या.

---

चिंचोका

'ज्वेल्स' वाचली. राखणदाराचा अंदाज मला चिठ्ठीवरूनच यायला हवा होता. आता रागाने पुन्हा पहिली दोन पानं वाचतोय, खरंच समोर लिहिलंय की हो सगळं. आज रात्री 'बझार'. निळी शाई, तुमच्या कोळ्यांनी झोप गेली तर इथेच येऊन ओरडेन.

---

निळी शाई

कोळी मी आधीच सांगून बसलेय, त्यामुळे त्यांची भीती नाही. त्या दुकानात एक पुतळा आहे. त्याच्यावर लक्ष ठेव.